सात नंबरच्या फोटोतले पट्टे

कंपनीचं सर्व्हिस सेंटर दुसऱ्या मजल्यावर आहे असं कळलं होतं. होतंही तिथेच, पण दाराला कुलूप आणि कुलपाला चिठ्ठी. ‘आम्ही जागा बदलली आहे.’ कुठे बदलली, ते लिहायला मात्र विसरले होते.

सकाळची ड्युटी संपवून तशीच आले होते. पाय भरून आलेले, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, पोटात कावळे. आता काय करावं म्हणून जिन्यातच उभी राहिले, तेवढ्यात समोरचं दार उघडलं. एक माणूस बाहेर आला आणि त्यानं दारावरची पाटी फिरवली. ‘जेवणाची सुट्टी.’ वळताना त्याची नजर आधी माझ्यावर पडली, मग पिशवीवर, मग पुन्हा माझ्यावर. एक शब्दही न बोलता त्यानं पाटी परत होती तशी केली.

“या,” तो म्हणाला. “समोर आलेली निम्मी माणसं शेवटी माझ्याकडेच येतात.”

“आणि उरलेली निम्मी?”

“ती आधी चिठ्ठीवर चिडतात. मग येतात.”

दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं मला.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीखाली टेबल, टेबलावर बाटल्यांची झाकणं मांडलेली आणि प्रत्येक झाकणात तिळाएवढे स्क्रू. एक कॅमेरा उघडा पडला होता. त्यातल्या केसासारख्या बारीक तारांना कागदाची इवलीशी निशाणं चिकटवलेली, त्यांवर अक्षरं. इतकं टापटीप काम मी फक्त आमच्या मोठ्या सिस्टरांच्या औषधांच्या कपाटात पाहिलं होतं.

“काय तक्रार आहे?” त्यानं विचारलं. अगदी आमच्या डॉक्टरांसारखं.

“फोटोत पट्टे येतात. आडवे. एक गुलाबी, एक हिरवट. फिकट असतात, पण… बाळाच्या चेहऱ्यावरूनच जातात.”

“बाळ तुमचं?”

“माझी अकरा आहेत,” मी म्हटलं. त्याचा चेहरा असा झाला की मला घाईघाईनं पुढे बोलावं लागलं. “मी नर्स आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं असतात ना, काचेच्या पेट्यांत ठेवतात ती… त्या वॉर्डात. तिथे मोबाइल न्यायला बंदी आहे. हा कॅमेरा एका आजोबांनी दिला, त्यांची नात बरी होऊन घरी गेली तेव्हा. ज्या आया आजारी असतात, आत येऊ शकत नाहीत, त्यांना आम्ही यात बाळ दाखवतो.”

तो ऐकत होता. नुसता ऐकत नव्हता, हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून ऐकत होता. मग त्यानं कॅमेरा सुरू केला आणि फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

“दिसतायत ना पट्टे?” मी विचारलं.

“…हो.”

हो म्हणायला त्याला जरा उशीर झाला. आणि म्हणताना तो फोटोकडे नाही, माझ्याकडे बघत होता. तेव्हा मला वाटलं — काय वाटलं ते आता सांगायला लाज वाटते.

“सेन्सरवर धूळ बसली असेल,” तो म्हणाला. “ठेवून जा, सिस्टर. उद्या घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी कॅमेरा लख्ख झाला होता. खात्री करायला त्यानं मला खिडकीपाशी उभं केलं आणि एक फोटो काढला. पट्टे नव्हते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं मात्र होती.

“हा काढून टाका,” मी म्हटलं.

“का? पट्टे नाहीत यात.”

“पट्टे नाहीत, पण डोळ्यांखाली बघा काय आहे ते.”

“ते माझ्याकडे दुरुस्त होत नाही,” तो शांतपणे म्हणाला. “त्याला आठ तास झोप लागते.”

आणि फोटो त्यानं काढून टाकला नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही.

*

सात नंबरच्या पेटीत एक मुलगी होती. सव्वा किलोची. रडायची ती मांजरीच्या पिलासारखं, पण बोट हातात दिलं की सोडायची नाही. तिची आई खालच्या मजल्यावर होती. ऑपरेशननंतर ताप उतरत नव्हता, म्हणून तिला वर येऊ देत नव्हते. बाळ जन्मून सहा दिवस झाले तरी दोघींची भेट नव्हती. खालून वर जायचं ते फक्त दूध. पट्ट्यांमुळे वरून खाली फोटो मात्र अजून एकही नेला नव्हता.

कॅमेरा दुरुस्त होऊन आला म्हणून त्या दिवशी मी फोटो काढला आणि तशीच धावत खाली गेले. छोट्या स्क्रीनवर जाता जाता नजर टाकली तेव्हा शंका आली होती. पण सकाळपासून तिनं चार वेळा निरोप पाठवला होता. मी दाखवला.

ती बघत राहिली. मग तिनं बोट ठेवलं, बाळाच्या गालावरून कपाळापर्यंत गेलेल्या पट्ट्यावर.

“हे हिरवं काय आहे?”

“कॅमेऱ्याची गडबड आहे हो. बाळ छान आहे.”

“सिस्टर, खरं सांगा.”

“खरंच सांगते आहे.”

“माझं पहिलं बाळही असंच दिसायला लागलं होतं,” ती म्हणाली. “आधी पिवळं, मग हिरवट. तेव्हाही सगळे ‘छान आहे’ असंच म्हणत होते.”

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळपर्यंत कळलं की तिनं दूध काढणंच थांबवलंय. पंपाची वाटी कोरडी होती. डॉक्टर स्वतः जाऊन बोलून आले, मोठ्या सिस्टर रागावून आल्या. ती एकच म्हणे, “येत नाही दूध.” येत नव्हतं असं नाही. ज्याच्यासाठी काढायचं ते राहणारच नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपताच मी जिने चढले ते पाय आपटतच.

“तुम्ही नीट पाहिलंच नाही!” कॅमेरा मी टेबलावर ठेवला. आपटला नाही, पण फार फरकही नव्हता. “धूळ म्हणालात. पट्टे तिथेच आहेत! त्या दिवशी तुम्हाला दिसले होते ना?”

त्यानं कॅमेरा उचलून सरळ ठेवला. खिडकीबाहेर बारीक पाऊस लागला होता, तो पत्र्यावर वाजत राहिला.

“पाहिलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “दिसले नव्हते.”

“म्हणजे?”

“गुलाबी आणि हिरवा. फिकट असले की माझ्या डोळ्यांना दोन्ही राखाडीच. जन्मापासून.” त्यानं तारांवरच्या निशाणांकडे बोट दाखवलं. “म्हणून ही अक्षरं. ताई लिहून द्यायची. तिचं लग्न झालं, ती लांब गेली. आता मी मीटर लावून लावून ओळखतो.”

“मग हो का म्हणालात?”

“सवय,” तो म्हणाला. “बाबांच्या वेळचं दुकान आहे. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याला रंग कळत नाहीत हे गिऱ्हाइकाला कळलं तर कोण जिना चढेल? त्यामुळे कुणी ‘दिसतंय ना’ म्हटलं की मी आधी हो म्हणतो आणि मग अंदाजानं शोधतो. बहुतेक वेळा सापडतं.”

मी चिडले होते, आणि चिडलेल्या माणसाला समोरच्याचं दुःख कळत असलं तरी तोंड थांबत नाही. “तुमच्या अंदाजापायी तिकडे एक आई भिंतीकडे तोंड करून झोपली आहे,” मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. पहिलं बाळ, हिरवा पट्टा, कोरडी वाटी.

त्यानं सबब दिली नाही. ‘मला काय माहीत’ असंही म्हणाला नाही. नुसता ऐकत राहिला आणि त्याचे कान लाल होत गेले.

“रंग दिसत नाहीत मला,” तो थोड्या वेळानं म्हणाला, “पण आकडे दिसतात. बसाल पाच मिनिटं?”

त्यानं कालचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला. बाळाखालच्या पांढऱ्या टॉवेलवर बाण नेला. कोपऱ्यात तीन आकडे उमटले. बाण एकेक रेघ खाली सरकवत तो आकडे कागदावर उतरवत गेला. मी शेजारी उभी. केस ओले होते माझे, त्यातलं पाणी त्याच्या कागदावर टपकलं तेव्हा त्यानं ते बोटानं पुसलं आणि लिहितच राहिला.

“बघा,” तो एकदम म्हणाला. “इथे चढले. इथे उतरले. पुन्हा चढले, पुन्हा उतरले. हेच तुमचे पट्टे!” लहान मुलाला हरवलेला चेंडू सापडावा तसा त्याचा चेहरा झाला होता. “आणि अंतर बघा, सगळीकडे सारखं. धूळ अशी शिस्तीत बसत नाही, सिस्टर. हे कशाच्या तरी तालावर होतंय. कधीपासून येतात?”

“पंधरा-वीस दिवस झाले.”

“तेव्हा काय बदललं?”

“काहीच नाही.”

“काहीतरी बदललंच असणार. आठवा.”

मी डोळे मिटले. पेट्या त्याच. पडदे तेच. मग… “वॉर्डात नव्या ट्यूब बसवल्या त्या सुमारास.”

“आणि?”

“आणि… मी कॅमेऱ्याचा आवाज बंद केला. खटका वाजला की चार नंबर दचकायचा.”

तो खुर्चीवरून उठलाच. “मला वॉर्ड बघायचाय.”

“आत येता येणार नाही.”

“बाहेरून बघायला काच आहे?”

“आहे.”

“मग झालं तर!”

*

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो काचेपलीकडे येऊन उभा राहिला. काखेत कोऱ्या कागदांचा गठ्ठा, हातात जाड पेन. काचेतून आवाज जात नाही, हे त्यानं आधीच धरलं होतं.

पहिला कागद काचेला लागला: ‘बाळाचा नको. रिकाम्या पेटीत पांढरा टॉवेल ठेवा. आहे तसाच फोटो काढा.’

काढला. पट्टे होते. मी मान डोलावली.

‘आता आवाज सुरू करून.’

खटका वाजला. पट्टे नव्हते. चार नंबर मात्र ठरल्याप्रमाणे दचकला आणि त्यानं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. त्याला थोपटून शांत करेपर्यंत काचेपलीकडचा माणूस अपराध्यासारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला.

‘आवाज पुन्हा बंद. ट्यूब बंद. फक्त खिडकीचा उजेड.’

पट्टे नव्हते.

मला वाटलं, आलं लक्षात! मी उत्साहात ट्यूब लावली आणि त्याच सपाट्यात आणखी एक बटण फिरवलं. लगेच काचेवर टकटक झाली आणि कागद लागला: ‘एका वेळी एकच! दोन गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही.’ खाली बारीक अक्षरांत: ‘चीटिंग नको.’

वॉर्डातल्या मावशी फरशी पुसता पुसता थांबल्या होत्या.

“कोण हो ते? मघापासून कागदावर कागद लावतायत. प्रेमपत्रं आहेत का?”

“मावशी! कॅमेरे दुरुस्त करणारे आहेत.”

“कॅमेरा दुरुस्त होतोय, मग लाल तुम्ही का होताय?”

“गरम होतंय.”

“वॉर्ड गरम ठेवायचा असतो, हे तुम्हीच मला शिकवलंत,” असं म्हणून मावशींनी पुढचा कागद माझ्याआधी वाचला. “काय लिहिलंय… ‘सिस्टर, आता वेग पन्नासवर आणा.’ अगं बाई! सिस्टर म्हणतायत होय? मग कागद फुकटच गेले म्हणायचे.”

मी वेग पन्नासवर आणला, म्हणजे एक फोटो घ्यायला सेकंदाचा पन्नासावा भाग. आवाज बंद, ट्यूब चालू. पुढचा कागद: ‘हात हलू देऊ नका. कोपर टेकवा. श्वास धरा.’

धरला. फोटो काढला. स्क्रीनवर बघितलं.

टॉवेल पांढराशुभ्र होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पांढरा.

मी वळून अंगठा दाखवला. त्यानं लिहिलं: ‘खरंच?’ आणि तो कागद धरताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. त्याला स्वतःला ते तपासता येणार नव्हतं. माझ्या शब्दावरच विसंबायचं होतं त्याला. मी रिकाम्या पेटीवरच्या तक्त्याच्या पाठीवर लिहिलं आणि काचेला लावलं: ‘खरंच. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.’

चारच शब्द होते. वाचायला त्यानं बराच वेळ घेतला.

*

सात नंबरचा फोटो स्वच्छ आला. गाल गुलाबी, ओठ मुडपलेले, एक मूठ कानाशी. कॅमेरा पुसून मी खाली पळाले.

आईनं फोटो पाहिला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “पुसलंत ना ते हिरवं? कॉम्प्युटरवर पुसता येतं, मला माहीत आहे.”

एकदा विश्वास उडाला की खरंही खोट्यासारखंच दिसतं. मी बाहेर आले. तो व्हरांड्यात कागद गोळा करत होता. सांगितलं त्याला.

“मी बोलू का त्यांच्याशी?” तो म्हणाला.

मोठ्या सिस्टरांनी पाच मिनिटं दिली. तो बायकांच्या वॉर्डाच्या उंबऱ्याशी उभा राहिला, आत पाऊलही न टाकता. आठ खाटांवरच्या आठ बायका त्याच्याकडे बघायला लागल्या.

“ताई,” तो सात नंबरच्या आईला म्हणाला, “मी कॅमेरे दुरुस्त करतो. चूक माझी आहे. हा कॅमेरा माझ्याकडे आधीच आला होता. पण मला हिरवा आणि गुलाबी नीट दिसत नाही, जन्मापासूनच. ते मी सिस्टरांपासून लपवलं आणि न बघताच दुरुस्त झाला म्हणून दिला. म्हणून तुमच्यापर्यंत तो फोटो आला.”

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

“पण माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका,” तो म्हणाला. “तुमचा हात पुढे करा. सिस्टर, आधी होता तसा करा कॅमेरा. इथेही त्याच ट्यूब आहेत.”

मी तिच्या हाताचा फोटो काढला. दाखवला. तिच्या स्वतःच्या मनगटावरून, सलाईनच्या पट्टीवरून, बोटांवरून गेलेले आडवे पट्टे: गुलाबी, हिरवट, गुलाबी, हिरवट. तिनं फोटोकडे पाहिलं. मग हाताकडे. हात उलटा केला, सुलटा केला.

“ट्यूब आपल्याला सारखी पेटलेली दिसते,” तो उंबऱ्यातून सांगत होता, “पण ती सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते, आणि प्रत्येक वेळी तिचा रंग किंचित बदलतो. खटका वाजतो तो आतल्या पडद्याचा; आवाज बंद असला की पडदा हलतच नाही आणि हा कॅमेरा फोटो वरून खाली एकेक ओळ करत घेतो. कुठली ओळ एका रंगात सापडते, कुठली दुसऱ्या. वेग कमी केला की प्रत्येक ओळीला सगळे रंग मिळतात, मग पट्टे राहत नाहीत. बाळाला काही झालेलं नाही, ताई. ट्यूब नि कॅमेरा, दोघांचं जमत नव्हतं एवढंच.”

मी वेग पन्नासवर आणून पुन्हा तिचाच हात टिपला. पट्टे नव्हते. मग बाळाचा तो स्वच्छ फोटो पुढे केला.

या वेळी तिनं कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. पदरानं स्क्रीन पुसली. मग पुन्हा पुसली, कारण ओलं स्क्रीनवर नव्हतंच.

“हनुवटी माझ्या सासूबाईंची आली हिला,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “सिस्टर… ती वाटी द्या बरं इकडे.”

मी वाटी आणायला वळले तेव्हा उंबऱ्यात कुणी नव्हतं. पुरुष माणसानं कधी निघून जावं हे त्याला बरोबर कळलं होतं.

व्हरांड्याच्या टोकाला गाठलं मी त्याला.

“एवढ्या बायकांसमोर सांगितलंत,” मी म्हटलं. “आता गावभर होईल.”

“होऊ दे.” तो कठड्याला टेकला. “एकदा माझं लग्न ठरलं होतं. घरच्यांनी हे लपवलं आणि मीही गप्प बसलो. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, ‘डोळ्यांचं मला काही वाटत नाही. पण तुम्ही गप्प बसलात.’ तिच्या घरच्यांना तर मुलांची भीती वाटली. मुलंही अशीच निपजतील म्हणाले.”

“छे! तसं नसतं ते,” माझ्यातली नर्स लगेच जागी झाली. “मुलाला हे बापाकडून येतच नाही, आईकडून येतं. तुम्हाला मुलगा झाला तर तुमच्यामुळे त्याला काहीही होणार नाही.”

“आणि मुलगी झाली तर?”

“तिलाही सगळे रंग दिसतील. आईच्या घरात नसलं म्हणजे झालं. आणि आमच्या घरात तर कुणालाच—”

मी थांबले. तोही थांबला. व्हरांड्यातला पंखा तेवढा फिरत राहिला.

“म्हणजे… उदाहरण म्हणून सांगतेय,” मी म्हटलं.

“हो हो,” तो म्हणाला. “उदाहरण चांगलं आहे.”

*

त्यानंतर कॅमेरा बिघडलाच नाही. काय म्हणावं त्या कॅमेऱ्याला! रोज काढायची, रोज स्वच्छ फोटो. एकदा बॅटरी लवकर उतरते असं वाटलं आणि मी केवढी खूश झाले. पण चार्जरची पिन नीट लागली नव्हती एवढंच.

सात नंबरच्या आईचा ताप उतरला. ती वर आली, मुलीला छातीशी धरून दोन तास हलली नाही. महिन्याभरानं दोघी घरी गेल्या. पेटीत दुसरं बाळ आलं. आणि मी स्वतःला विचारत राहिले की नक्की कसली वाट बघते आहे. तो चांगला माणूस होता, हे खरं. पण पहिल्याच दिवशी तो माझ्याशी खोटं बोलला होता, हेही खरं. मग आठ खाटांसमोर उभं राहून त्यानं ते खोटं स्वतःच निस्तरलं होतं. यातलं कुठलं जास्त खरं? पेट्यांतल्या बाळांचं वजन ग्रॅमग्रॅमनं मोजणारी मी, पण हे काही केल्या तोलता येईना.

एका दुपारी ड्युटी संपवून बाहेर पडले तर फाटकापाशी तो उभा. भुरभुर पाऊस, आणि छत्री असून उघडलेली नाही.

“अहो, इथे कसे?” मी म्हटलं. “कॅमेरा नीट चाललाय.”

“माहीत आहे.”

“मी बोलावलं नव्हतं.”

“तेही माहीत आहे.” त्यानं छत्री या हातातून त्या हातात घेतली. “काहीच बिघडलेलं नाही, म्हणून आलो. बिघडल्यावर तर कुणीही येतं.”

माझ्या बाजूनं रिक्षा गेली, पाणी उडालं, तरी मी सरकले नाही.

“दुकानात आता पाटी लावलीय,” तो सांगू लागला. “‘रंगांची तक्रार असेल तर आकडे बघून काम होईल, वेळ लागेल.’ दोन गिऱ्हाइकं परत गेली. पाच थांबली. एक आजी तर रोज येऊन बसतात, मला रंग सांगायला… पण मी ते सांगायला आलो नाही.” त्यानं श्वास घेतला. “तुम्ही मला आवडता. तुम्ही चिडून जिना चढून आलात ना, त्या दिवसापासून. तुम्ही माझ्यासाठी नव्हता चिडला, एका परक्या बाईसाठी चिडला होता. मला वाटलं, अशा माणसाशी आयुष्यात पुन्हा खोटं बोलायचं नाही. आणि ते जमवायचं तर… रोज जवळ असायला हवं. लगेच सांगू नका. नाही म्हणायचं असेल तर तेही सावकाश म्हणा.”

पावसानं त्याचा शर्ट खांद्यावर गडद झाला होता. शर्ट कसल्याशा विचित्र हिरव्या रंगाचा होता. दुकानदारानं राखाडी म्हणून गळ्यात मारला असणार.

“छत्री उघडा आधी,” मी म्हटलं.

त्यानं उघडली. माझ्यावर धरली.

“रविवारी सकाळी घरी या,” मी म्हटलं आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. छत्री माझ्याबरोबर चालत आली. तो मात्र अर्धा बाहेरच.

रविवारी तो आला तेव्हा बाबा व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. बोलतात कमी, बघतात जास्त. त्याला बसा म्हणाले. तो बसला, आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, “एक गोष्ट आधी सांगतो, काका. मला काही रंग कळत नाहीत. हिरवा, गुलाबी, तपकिरी… जन्मापासून. बाकी प्रकृती उत्तम आहे. पण हे आधी सांगायला हवं.”

दाराआड आई, आईच्या मागे मी.

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. “मग सिग्नल कसा ओळखता?”

“वरचा लागला की थांबायचं. खालचा लागला की जायचं.”

“आणि मधला?”

“मधल्याला सगळेच गोंधळतात, काका.”

बाबा हसले नाहीत. खूप वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “वळणावळणाच्या रस्त्यांवर गाडी चालवली मी. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. दिसत नाही यात ड्रायव्हरचा दोष नसतो. पण वळायच्या आधी जो हॉर्न देतो ना… तो ड्रायव्हर मला आवडतो.” मग त्यांनी मान न वळवताच हाक मारली. “बाहेर ये गं. दाराआडून काय ऐकतेस? तुझं काय म्हणणं आहे?”

मी बाहेर आले. तो उठून उभा राहिला. पेला अजून त्याच्या हातात तसाच भरलेला.

“मी हो म्हटलंय, बाबा,” मी म्हणाले. “तुम्हाला फक्त सांगायचं राहिलं होतं.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि तो डोळे विस्फारून माझ्याकडे बघतच राहिला, कारण त्याला मी अजून हो म्हटलंच नव्हतं.